तलाव वेगाने रिकामा करण्यापूर्वी मातीच्या धरणाचा उतार कसा तपासावा

मातीच्या धरणाच्या जलबाजूच्या, म्हणजे तलावाकडील, उताराला खरी कसोटी तलाव भरलेला असताना नव्हे, तर पाणी उतरताना लागते. भरलेल्या तलावाचे पाणी उतारावर बाहेरून दाबून त्याला आधार देते. पातळी खाली गेली की हा आधार जातो, परंतु चिकण मातीत मुरलेले पाणी आतच राहते, आणि त्याच्या रंध्रदाबामुळे, म्हणजे कणांमधल्या पोकळ्यांतील पाण्याच्या दाबामुळे, मातीची कातरणाला (थरावरून थर सरकण्याला) विरोध करण्याची ताकद कमी पडते.

म्हणून विमोचक (पाणी सोडण्याचे द्वार) उघडण्याआधी माती किती काळात निचरा करील, हे पाहावे. मातीचा दृढीकरण गुणांक (दाबाखाली माती किती वेगाने पाणी सोडून घट्ट होते याचे माप) पाणी उतरवण्याच्या कालावधीने गुणून निचऱ्याच्या मार्गाच्या, म्हणजे मातीतून बाहेर पडायला पाण्याला कापाव्या लागणाऱ्या अंतराच्या, लांबीच्या वर्गाने भागावा. उत्तर ३ किंवा अधिक आल्यास निचरा झाला असे मानता येते, ०.०१ पेक्षा कमी आल्यास निचरा झालाच नाही असे धरून गणित करावे. गुणांक वर्षाला १० चौरस मीटर आणि मार्ग १० मीटर असेल, तर ३० दिवसांसाठी उत्तर सुमारे ०.००८ येते, म्हणजे महिनाभर बेताने सोडलेले पाणीही अशा मातीसाठी झपाट्यानेच उतरलेले असते. कॅलिफोर्नियातील सॅन लुईस धरणात १९८१ मध्ये पाणी सुमारे १२० दिवसांत ५५ मीटर उतरवल्यावर जलबाजूचा उतार घसरला, आणि त्यामागे भरावाखाली डोंगरउतारावर तशीच राहिलेली, भिजून मऊ झालेली चिकण माती होती. पायाची माहिती नसताना केवळ भरावाच्या नमुन्यांवर विसंबणे म्हणूनच धोक्याचे आहे.

आपल्याकडे अनेक धरणांत आतला गाभा काळ्या मातीचा आणि बाहेरचे कवच मुरमाचे असते. मुरूम म्हटला की तो पाणी सोडणारच, हे गृहीत फार सहज धरले जाते. त्यात बारीक कण जास्त असतील तर ते खरे ठरत नाही, तेव्हा त्याची पारगम्यता (पाणी वाहू देण्याची क्षमता) प्रत्यक्ष तपासून घ्यावी. भारतीय मानक ७८९४ नुसार अचानक जलावतरणाच्या, म्हणजे पाणी झपाट्याने उतरण्याच्या, स्थितीत जलबाजूचा सुरक्षा गुणांक (मातीची ताकद आणि तिला घसरवणारे बल यांचे गुणोत्तर) किमान १.३ असावा. हिशेब केवळ सर्वांत खालच्या पातळीसाठी न करता मधल्या पातळ्यांसाठीही करावा.

प्रत्यक्ष पाणी सोडताना पातळी टप्प्याटप्प्याने उतरवून प्रत्येक टप्प्यावर पिझोमीटरच्या (रंध्रदाब मोजणाऱ्या उपकरणाच्या) नोंदी घ्याव्यात. माथ्यावर धरणाच्या लांबीच्या दिशेने भेग दिसली, किंवा दगडी पिचिंग (उतारावरचे दगडांचे अस्तर) कुठे खचले अथवा फुगले, तर विसर्ग थांबवून सक्षम अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी. पाणी सोडणे संपले तरी नोंदी सुरूच ठेवाव्यात, कारण चिकण मातीतील रंध्रदाब ओसरायला बराच काळ लागतो.