रोजच्या टर्बो गाडीला नवा इंटरकूलर बसवताय? या चुका टाळा

टर्बोने दाबलेली हवा तापते. इंटरकूलर ती थंड करतो, हवा दाट होते आणि तेवढ्याच दाबात इंजिनाला जास्त ऑक्सिजन मिळतो. पण हे सगळं काम शेवटी वाऱ्यावर चालतं. ठाण्यात माजिवड्याच्या सिग्नलला किंवा घोडबंदर रोडवर गाडी उभी असताना वारा जवळजवळ नसतोच. म्हणून रोजच्या गाडीत कोअर (इंटरकूलरची हवा थंड करणारी जाळी) किती मोठा आहे यापेक्षा सांधे किती घट्ट आहेत आणि वारा कुठून जातो, यावर सगळं अवलंबून असतं.

खरेदीतच होणारी चूक

आधी आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे ते बघा. व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाक यांच्या १.० टीएसआय इंजिनात इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागात) असतो आणि तो कूलंटवर थंड होतो. बंपरमागे बसणारा एअर-टू-एअर (थेट वाऱ्याने थंड होणारा) संच तिथे नुसता पाइप जोडून चालत नाही.

ज्यांच्या गाडीत मूळचाच एअर-टू-एअर आहे, त्यांनी जाड कोअरचा मोह टाळावा. तो एसीच्या कंडेन्सरसमोर आणि रेडिएटरसमोर येतो, मग गाडी पळताना एसी छान आणि सिग्नलला कोमट अशी तक्रार सुरू होते. लहान इंजिनाला तीन इंची पाइपही नकोत. भरायची जागा वाढली की बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) उशिरा येतो. १ ते १.५ लिटरच्या इंजिनाला दोन, फार तर अडीच इंच पुरे. फुल बूस्टला कोअरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात १ ते २ पीएसआयपेक्षा (पीएसआय हे दाबाचं माप) जास्त फरक पडत असेल, तर तो कोअर हवा अडवतोय.

कोअर न धुता बसवणं

नव्या कोअरमध्ये वेल्डिंगचे कण आणि ॲल्युमिनियमचा कीस राहतो. तो थेट इंजिनात जातो. सॉल्व्हंटने आतून धुवा, दोन्ही तोंडांनी हवा मारा, पूर्ण वाळू द्या. जुने पाइप काढताना आत तेलाचा पातळ थर दिसला तर काळजी नाही. वाटीभर तेल निघालं, तर टर्बोचं सील आणि क्रँककेस ब्रीदर (इंजिनाच्या खालच्या भागातली तेलाची वाफ बाहेर काढणारी नळी) आधी तपासा. हे न बघता नवा कोअर लावला तर त्यातही तेल साठणार.

सांधे: निम्म्याहून जास्त तक्रारी इथूनच

होज (पाइप जोडणारी लवचिक नळी) बूस्टला निसटतो, त्याचं कारण बहुतेक वेळा तेलकट पाइप असतं. पाइपचं तोंड आणि होजची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करा. होज सहज चढावा म्हणून तेल किंवा ग्रीस लावणं तर अजिबात नको. पाइपच्या टोकाला गोल उठाव असलाच पाहिजे आणि क्लॅम्प त्या उठावाच्या मागे बसला पाहिजे. उठावावरच आवळला तर दोन-तीन दिवसांत घसरतो. साध्या स्क्रूच्या पट्टीपेक्षा टी-बोल्ट क्लॅम्प घ्या, पण जोर लावून आवळत बसू नका: क्लॅम्पच्या कडेने सिलिकॉन फुगून वर आलं, म्हणजे होज कापला जायला लागला. तेलाची वाफ जाणाऱ्या जागी फ्लुओरोसिलिकॉनचं अस्तर असलेला होज लावा, साधं सिलिकॉन तेलाने नरम पडतं.

इंजिन माउंटिंगवर हलतं, कोअर मात्र चेसिसला पक्का असतो. म्हणून पाइप कुठेतरी होजच्या सांध्यात लवचिक हवा. पहिल्या १०० किलोमीटरनंतर, गाडी रात्रभर थंड झाल्यावर, सगळे क्लॅम्प पुन्हा तपासा. बंपरच्या किंवा फॅनच्या कडेला होज घासून चकचकीत डाग पडलाय का, तेही तेव्हाच बघा.

गळती कशी शोधायची

टर्बोमधून निघणाऱ्या पाइपच्या तोंडाला टेस्ट कॅप लावून रेग्युलेटरने हवा भरा. एअर फिल्टरच्या बाजूने भरली तर दाब क्रँककेसमध्ये आणि सीलवर जातो, म्हणून तिथून नको. दाब मूळ बूस्टपेक्षा जास्त ठेवू नका, १० ते १५ पीएसआय पुरतात, आणि कॅपसमोर उभं राहू नका. मग प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी सोडा. मोठी गळती फसफसून लगेच दिसते. बारीक गळतीला क्लॅम्पच्या कडेला मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येतात, ते नीट थांबून बघावे लागतात. पेट्रोल गाडीत बंद थ्रॉटलमधून थोडी हवा झिरपणं साहजिक आहे. डिझेलमध्ये इंजिन बंद असताना हवेच्या वाटेतला फ्लॅप बहुधा उघडा असतो, तिथे दुसरं तोंडही बंद करावं लागतं.

चालत्या गाडीत खुणा अशा: पिकअप पडणं, बूस्टला शिट्टीसारखा आवाज, डिझेलमध्ये काळा धूर, स्कॅनरवर पी०२९९ कोड (म्हणजे बूस्ट कमी पडतोय). हा कोड आला की टर्बो बदलायच्या गोष्टी आधी करू नका, आधी सांधे बघा.

वाऱ्याची वाट

कोअरच्या चारही बाजूंच्या फटी फोमने बुजवा, नाहीतर वारा कोअर टाळून बाजूने निघून जातो. जागा होत नाही म्हणून बंपरमागची क्रॅश बीम कापणं ही मात्र अक्षम्य चूक आहे. पुढच्या एअरबॅग सेन्सरची जागा बदलू नका, कामाआधी बॅटरी काढा. कंडेन्सर सैल करावा लागला तर दोरीने टांगून ठेवा, एसीच्या पाइपवर त्याचं वजन येता कामा नये.

काम झाल्यावर मोकळ्या जागेत (बंद बेसमेंटमध्ये नाही) एसी लावून २० मिनिटं गाडी उभी ठेवा आणि स्कॅनरवर कूलंटचं तापमान आणि इनटेक हवेचं तापमान बघा. हीच नोंद जुन्या इंटरकूलरवरही आधी घेऊन ठेवलेली असेल तरच तुलना करता येते.

पावसाळा आणि खाडीची हवा

खालून गेलेला पाइप स्पीडब्रेकरला लागतो. तोच सांधा सैल असेल आणि रस्त्यावर पाणी तुंबलं असेल, तर इंजिन ते पाणी ओढू शकतं, आणि सिलिंडरमध्ये पाणी गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. जूनच्या आधी खालचे दोन सांधे हात घालून तपासा. वाशी, ऐरोलीकडच्या खारट, दमट हवेत ॲल्युमिनियमच्या कोअरला थेट लोखंडी पट्टी लावली तर जोडाची जागा गंजते; मध्ये रबर बुश टाका. कोअर धुताना प्रेशर गन जवळ धरू नका, फिन्स (कोअरचे पातळ पत्रे) वाकतात. नळाच्या साध्या धारेने, मागून पुढे पाणी मारा.