सिंगल कास्क स्कॉच चाखताय? या चुका टाळा

सिंगल कास्क म्हणजे एकाच पिंपातली व्हिस्की. साध्या सिंगल माल्टमध्ये डिस्टिलरी एक असली तरी पिंपं अनेक असतात, आणि त्यांची मोट बांधून चव वर्षानुवर्षं सारखी राखतात. इथे ती सोय नाही. 250 लिटरच्या हॉग्जहेड पिंपातून स्कॉटलंडच्या थंड हवेतही वर्षाला साधारण 2 टक्के माल उडून जातो. 25 वर्षांनी उरतो तो दोनशेच्या आसपास बाटल्यांपुरता. त्या संपल्या की ती चव परत नाही. आणि आपण? नेहमीचा पेग भरल्यासारखे तुटून पडतो.

पहिली चूक ग्लासात नाक खुपसायची. ही मीही केली आहे. आपल्याकडची व्हिस्की 42.8 टक्के अल्कोहोलची असते, तर पिंपातून थेट भरलेली बहुतेकदा 50 ते 60 टक्क्यांची. नाकात असा झणका बसतो की पुढची दहा मिनिटं कशाचाच वास येत नाही. ग्लास घ्या ग्लेनकेर्नसारखा, खाली फुगीर आणि वर निमुळता. तो हनुवटीशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळूहळू वर आणा. पहिला घोट चमचाभरच असावा. तो जीभ सरावण्यासाठी असतो, चवीचा निकाल दुसऱ्या घोटावर द्यायचा.

पाण्याबाबत दोन टोकं दिसतात. एकजण सोड्याने ग्लास भरतो, दुसरा थेंबभर पाण्यालाही पाप समजतो. दुसऱ्याचा तोरा जास्त, पण चूक तोही करतो. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये संगणकीय अभ्यासातून दाखवलं, की धुरकट वासाचा ग्वायाकॉल हा रेणू 45 टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाशी येतो आणि 59 टक्क्यांच्या वर अल्कोहोलमध्येच वेढलेला राहतो. 60 टक्क्यांच्या 30 मिलीत 10 मिली पाणी घातलं की साधारण 45 टक्के होतात. पण एकदम ओतू नका. अर्धा छोटा चमचा घाला, थांबा, वास घ्या, मग पुढचा अर्धा. बर्फ नकोच, थंडीने वास मिटतो.

पाणी घातल्यावर व्हिस्की गढूळ झाली? भेसळीचा संशय नको. थंड करून गाळलेली नसली की त्यातली तेलकट द्रव्यं अशी दिसू लागतात. जळक्या काडेपेटीचा किंवा रबराचा वास आला तर पिंप बहुधा आधी शेरी या स्पॅनिश वाइनचं असेल आणि त्यातलं गंधक बोलत असेल. ग्लास वीस मिनिटं उघडा ठेवून पाहा. कधी जातो, कधी नाही.

चकणा नंतर. तिखट शेव, मसाला शेंगदाणे किंवा पान खाऊन बसलात तर पुढ्यातली स्कॉच पंचवीस वर्षांची की पाच, काही कळणार नाही.

गडद रंग म्हणजे जुनी, हेही खरं नाही. स्कॉचमध्ये कॅरमेलचा रंग घालायला कायद्याने मुभा आहे.

उरलेली बाटली वाइनसारखी आडवी ठेवू नका, कडक दारू बुचाला खाते. बूच तुटून तुकडे आत पडलेच तर चहाच्या गाळणीने गाळून घ्या. गाळणी मात्र कोरी हवी, रोजच्या गाळणीला आल्याचा वास असतो.