पंट कव्हरेज शिकवताना या चुका टाळा

ऑगस्ट लागला की इथे न्यू जर्सीत शाळांच्या मैदानांवर हेल्मेटं घातलेली पोरं दिसायला लागतात. लीगला कोच कायम कमी पडतात, त्यामुळे हौसेनं पुढे आलेल्या नव्या बाबाच्या गळ्यात बहुतेक वेळा स्पेशल टीम्स, म्हणजे बॉलला लाथ मारायच्या खेळींसाठी उतरणारी टीम, पडते. आपल्याकडचे पालक क्रिकेट-कबड्डीतून आलेले, त्यांनी अमेरिकन फुटबॉल पाहिलेला असतो तो रविवारी टीव्हीवर. मग टीव्हीवर दिसतं तेच दहा-अकरा वर्षांच्या मुलांकडून करून घ्यायला जातात आणि दर सीझनला त्याच त्या चुका नव्यानं होतात.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसू द्या. पंट म्हणजे चौथ्या डाउनला, म्हणजे चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नाला, आपण बॉल लाथाडून समोरच्याला देतो, म्हणजे पायाला बॉल लागल्या क्षणापासून आपली टीम डिफेन्स करत असते. पंट कव्हरेज, म्हणजे तो बॉल घेऊन परत पळणाऱ्या समोरच्या रिटर्नरला अडवणं, ही पळण्याची शर्यत नाही. ते जागा राखायचं काम आहे. नव्या कोचच्या बहुतेक चुका हे न समजल्यामुळे होतात.

सगळे बॉलकडे

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मुलांची नसून कोचची आहे. मैदान 53 यार्ड रुंद असतं. पंटर आणि त्याच्या पुढे उभा असलेला पर्सनल प्रोटेक्टर शेवटची फळी म्हणून मागे राहतात. उरले नऊ. प्रत्येकाच्या वाट्याला सहा यार्डांच्या आसपास पट्टा येतो, आणि तीच त्याची लेन. नऊतले सहा जण बॉलभोवती गोळा झाले तर उरलेलं मैदान मोकळं. रिटर्नर कितीही लहान असो, त्याला मोकळी जागा बरोब्बर दिसते.

एका शनिवारी मी साइडलाइनवर चेन, म्हणजे दहा यार्ड मोजायची साखळी, धरायला उभा होतो. आमची मॅच नंतर होती, आणि आधीच्या मॅचला साखळी धरायला पालक कमी होते. पांढऱ्या जर्सीवाली टीम 12–6 नं पुढे, शेवटची दोन मिनिटंसुद्धा उरली नव्हती. त्यांनी पंट केला आणि तो छान उंच गेला. उजवीकडचा शेवटचा मुलगा आपल्या लेनमध्ये अगदी शहाण्यासारखा पळत होता. तेवढ्यात त्याचा कोच साइडलाइनवरून जीव तोडून ओरडला, "बॉलवर जा! बॉलवर!" पोरगं आज्ञाधारक, वळलं आत. रिटर्नर आधी मध्ये दोन पावलं गेला, सात-आठ जण त्याच्यावर झेपावले, आणि तो बाहेर वळला, थेट त्या मुलानं सोडलेल्या जागेतून. पुढे कुणीही नव्हतं. पंटरसुद्धा घोळक्यात सामील झाला होता. 12–12, मग जादाचा पॉइंट, आणि मॅच 13–12 नं गेली. नंतर त्या कोचनं त्याच मुलाला सगळ्यांसमोर झापलं. मुलानं सांगितलं तेच केलं होतं. त्याची चूक काय होती, हा प्रश्न मला अजून पडतो.

कबड्डी खेळलेल्यांना हे एका वाक्यात कळेल. कोपरारक्षकानं जागा सोडून मध्ये उडी मारली की चढाईपटू त्याच्याच बाजूनं निसटतो.

माझी सवय अशी आहे की पहिला आठवडा बॉल काढतच नाही. पंचवीस यार्डांवर नऊ कोन (प्लास्टिकचे शंकू) ठेवतो आणि प्रत्येकाला आपापला कोन देतो. शिट्टी वाजली की आपल्या कोनाकडे पळायचं, शेजाऱ्याच्या नाही. ते जमलं की मी स्वतः रिटर्नर होऊन आडवा धावतो. टॅकल करायचा, म्हणजे धरून पाडायचं, नाही, फक्त शेजाऱ्याशी अंतर राखत जाळं आवळत आणायचं. कुणी ब्लॉक करायला, म्हणजे अंगानं वाट अडवायला, आला तर त्याला चुकवा, पण दोन पावलांत आपल्या लेनमध्ये परत या. दोन्ही टोकांच्या मुलांना मी वेगळं सांगतो: रिटर्नर कायम तुझ्या आतल्या बाजूला राहिला पाहिजे. तुझ्याकडून टॅकल झाला नाही तरी मी काही बोलणार नाही, पण तो तुझ्या बाहेरून गेला तर बोलेन. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. कोचला त्याहून जास्त वाटतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. पहिल्याच दिवशी पंट मारून दाखवायची घाई झालेल्या कोचच्या टीमची लेन ऑक्टोबरपर्यंत सुधारत नाही.

पूर्ण वेगात धडक

रिटर्नरपाशी पोहोचून वेग न आवरणं ही दुसरी जुनी खोड. तीस यार्ड सुसाट आलेला मुलगा थांबूच शकत नाही. रिटर्नर एक पाऊल बाजूला सरकतो आणि हा पुढे निघून जातो. किंवा त्याहून वाईट, डोकं खाली घालून आदळतो. पॉप वॉर्नर या लहान मुलांच्या फुटबॉल संघटनेनं 2016 मध्ये सगळ्यात लहान तीन वयोगटांतून किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करायची लाथ, काढून टाकला, तो दोन्हीकडून पूर्ण वेगात येणाऱ्या धडका टाळण्यासाठीच. पंटवरही तोच धोका असतो. म्हणून साइडलाइनवरून "उडव त्याला!" असं ओरडणाऱ्या मोठ्या माणसांचा मला मनापासून राग येतो.

चार-पाच यार्ड उरले की पावलं लहान, गुडघे वाकलेले, डोकं वर, नजर रिटर्नरच्या कमरेवर. खांदा लावायचा, डोकं कधीच नाही. सरावात मी जमिनीवर रेघ आखतो आणि त्या रेघेवर पावलांचा आवाज बदलला पाहिजे, एवढंच सांगतो. हातांनी धरायला नंतर शिकवतो.

सगळ्यात बाहेरचे दोघे, म्हणजे गनर, निवडताना नुसता वेग बघू नका. एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या बफेलो बिल्सचा स्टीव्ह टास्कर जेमतेम 5 फूट 9 इंचांचा होता आणि मुख्यतः स्पेशल टीम्सच्या जोरावर सात वेळा ‘प्रो बोल’ या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. न्यू इंग्लंडचा मॅथ्यू स्लेटर दहा वेळा. वेगाबरोबर थांबण्याची अक्कल असलेला मुलगा तुमच्या टीममध्येही असतो. बऱ्याचदा तो बेंचवर बसलेला असतो.

लांब मारण्याची हौस

बाप मंडळींना लांब पंट आवडतो. कव्हरेजला उंच पंट लागतो. या वयात बॉल हवेत दोन-अडीच सेकंद राहिला तरी भरपूर, आणि तेवढ्या वेळात मुलं किती पळू शकतात ते तुम्हीच मोजून बघा. त्याहून पुढे पडलेला सपाट बॉल म्हणजे रिटर्नरला दिलेली मोकळी वाट.

न्यू जर्सीतल्या कुठल्याही जायंट्स (इथली एनएफएल टीम) फॅनला 19 डिसेंबर 2010 विचारा. चौथ्या क्वार्टरमध्ये ईगल्सविरुद्ध 31–10 अशी आघाडी होती, ती जाऊन 31–31 झालं, आणि शेवटच्या काही सेकंदांत पंट. बॉल बाहेर मारायचा असं ठरलं होतं. तो सपाट आणि सरळ डिशॉन जॅक्सनकडे गेला. त्याच्या हातून बॉल निसटलासुद्धा, तरी उचलून तो 65 यार्ड पळाला आणि ईगल्स 38–31 नं जिंकले. बॉल सांडूनही त्याला वेळ मिळाला, कारण सपाट बॉल कव्हरेजच्या कितीतरी आधी पोहोचला होता.

मी मुलांना जवळच्या साइडलाइनकडे मारायला लावतो. बॉल डाव्या हॅशवर (मैदानाच्या मधल्या पट्ट्याची डावी खूण) असेल तर डावीकडे साधारण 18 यार्ड मैदान असतं आणि उजवीकडे त्याच्या दुप्पट. अठरा यार्ड राखणं सोपं. वीस यार्डांवर बाहेर गेलेला पंट मला तीस यार्ड मध्ये पडलेल्या पंटपेक्षा केव्हाही चालतो. यूट्यूबवर बघून धावत-धावत रग्बी पंट शिकवणाऱ्यांनी आधी मुलाला उभ्यानं बॉल सरळ सोडायला शिकवावं.

पंधरा यार्ड मागे पंटर

टीव्हीवर पंटर पंधरा यार्डांवर असतो म्हणून बारक्या पोरालाही तिथेच उभं करतात. स्नॅप, म्हणजे स्नॅपरनं पायांमधून मागे फेकलेला बॉल, तिथवर पोहोचत नाही, टप्पे खात जातो. तुमचा स्नॅपर जेवढ्या अंतरावर दहापैकी नऊ वेळा छातीशी देतो, तेवढ्यावर पंटर उभा करा. सात यार्ड असतील तर सात. स्नॅपर रोज वीस-पंचवीस स्नॅप करतो का, एवढंच बघा.

आणि स्नॅप सांडला तर? बॉलवर पडायचं, लाथ मारायची नाही. 2015 मध्ये कॉलेजच्या मॅचमध्ये मिशिगन 23–21 नं पुढे होतं आणि दहा सेकंद उरले होते. पंटरच्या हातून स्नॅप सुटला, त्यानं तशातच लाथ मारायचा प्रयत्न केला. मिशिगन स्टेटनं बॉल घेऊन टचडाउन केला, 27–23. कॉलेजमधल्या तयार खेळाडूचं असं झालं तर अकरा वर्षांच्या मुलाला हे आधीपासून पाठ असायला हवं.

टीव्हीचे नियम

एनएफएलमध्ये पंट होईपर्यंत फक्त दोन टोकांचे खेळाडू लाइन सोडून पुढे जाऊ शकतात. हायस्कूलच्या नियमांत स्नॅपबरोबर सगळे निघू शकतात, आणि पुष्कळशा लहान मुलांच्या लीग तेच नियम वापरतात. तुमच्या लीगचं पुस्तक वाचा, काही ठिकाणी पंटवर रशच, म्हणजे पंटरवर धावून जाणंच, नसतो. निघता येतं म्हणून सगळ्यांना लगेच सोडूही नका. आधी ब्लॉक, मनात "एक हजार एक" म्हणायचं, मग पळायचं.

गोल लाइनवर उडी मारून बॉल मागे ढकलायचा टीव्हीवरचा प्रकारही शिकवू नका. हायस्कूलच्या नियमांत पंट गोल लाइनच्या पातळीपलीकडे गेला की बॉल डेड (खेळ थांबला), टचबॅक, म्हणजे समोरच्याला पुढे आणून बॉल मिळतो. बॉल लाइनच्या अलीकडच्या बाजूलाच धरा.

बाकीच्या चुका

वर बॉलकडे बघत पळणं: रिटर्नरकडे बघा. बॉल कुठे पडणार ते त्याच्या पायांवरून कळतं.

फेअर कॅच: रिटर्नरनं हात वर करून हलवला की त्याला कॅच घेऊ द्यायचा, नाहीतर 15 यार्ड जातात. पण पाठ फिरवू नका. त्याच्या हातून बॉल निसटला तर तो आपला होऊ शकतो, फक्त घेऊन पळता येत नाही.

घरंगळणारा बॉल: आपली मुलं त्याला नुसता हात लावतात आणि नाचायला लागतात. नुसत्या स्पर्शानं बॉल डेड होत नाही. समोरचा तो उचलून बिनधास्त पळू शकतो, कारण फसलं तरी त्याला सहसा स्पर्शाच्या जागेवरून बॉल मागता येतो. दोन्ही हातांनी धरा आणि रेफरीच्या हातात द्या.

मैदानावर दहाच मुलं: पंट टीम आत जाताना पर्सनल प्रोटेक्टरनं मोठ्यानं मोजायचं. अकरा झाल्याशिवाय त्यानं स्नॅप मागायचा नाही, घड्याळ संपत आलं तर टाइमआउट घ्यायचा.

पंटचा सराव शेवटच्या दहा मिनिटांवर ढकलणं: तेव्हा अंधार पडत आलेला असतो, मुलं दमलेली असतात आणि पार्किंगमध्ये गाड्या सुरू झालेल्या असतात. मी हेड कोचकडून मंगळवारची पहिली वीस मिनिटं मागून घेतो. तुम्हीही सीझन सुरू होण्याआधीच मागून ठेवा, नंतर कुणी देत नाही.