डायलिसिस सांभाळून पुण्यात फिरायचं असेल तर

हिमोडायलिसिस सुरू झालं की घरात दोनच प्रकारचे दिवस उरतात: डायलिसिसचा आणि मधला. खरं तर मधले दिवसही सारखे नसतात. बाहेर पडायचा बेत बहुतेक घरांत तिथेच चुकतो.

समजा, डायलिसिस काकूंचं आहे, सोबत काका आहेत आणि वार सोमवार-बुधवार-शुक्रवार आहेत. शुक्रवारी रक्त साफ झालं की पुढचं थेट सोमवारी. म्हणजे रविवारी अंगात सर्वांत जास्त पाणी आणि पोटॅशियम साठलेलं असतं. आणि मुलं-नातवंडं मोकळी असतात म्हणून फिरणं, हॉटेलातलं जेवण, लग्नाची पंगत असं सगळं नेमकं रविवारीच ठरतं! या वारांसाठी शनिवार सर्वांत चांगला. त्याखालोखाल मंगळवार आणि गुरुवार. मंगळवार-गुरुवार-शनिवारची पाळी असेल तर रविवार बिनघोर आणि सोमवार जपायचा. मुलांना रविवारचीच सुट्टी असेल तर युनिटमध्ये दुसऱ्या वारांसाठी नाव नोंदवून ठेवा. जागा मोकळी झाली की मिळते, फक्त मागे लागावं लागतं.

डायलिसिस झालं त्या संध्याकाळी कुठलाही बेत नको. चार तासांत अंगातून दोन-अडीच लिटर पाणी निघालेलं असतं, उभं राहिलं की बीपी उतरतं, आणि रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपरिनमुळे पुढचे काही तास साध्या खरचटण्यानेही रक्त जास्त वाहतं. त्या दिवशी घरी येऊन झोपायचं, फार तर सोसायटीच्या कट्ट्यावर बसायचं.

निघायच्या दिवशी सकाळी

संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोजच्या हलक्या कपड्यांत वजन करा. ड्राय वेट म्हणजे जादा पाणी काढल्यावर राहायला हवं ते वजन. त्यापेक्षा दिवसाला साधारण एक किलोच्या आत वाढ असेल तर ठीक. जास्त असेल तर फिरायला जा, पण बाहेरचं पिणं निम्म्यावर आणा. आडवं झाल्यावर दम लागत असेल, उशी वाढवावी लागत असेल, तर बेत रद्द करा आणि युनिटला फोन लावा. पाय जड पडणं, गळाल्यासारखे होणं, छातीत ठोके चुकल्यासारखे वाटणं ही पोटॅशियम वाढल्याची लक्षणं असू शकतात. तेव्हा फोनवर सल्ला घेत बसू नका, जवळच्या हॉस्पिटलात जाऊन ईसीजी काढा.

मग फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शीर आणि धमनी जोडलेल्या, हाताला बोटं लावून बघा. पिठाची गिरणी चालू असताना तिच्या भिंतीला हात लावला की जाणवते, तशी बारीक थरथर लागायला हवी. नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फिस्टुलात गुठळी झाली असेल तर जितका लवकर इलाज, तितकी तो वाचण्याची शक्यता जास्त. त्या हातात घट्ट बांगड्या, घड्याळ, पर्सचा पट्टा काही नको. रिक्षाचा दांडा दुसऱ्या हाताने धरायचा. वाटेत कुणी हौसेने बीपी मोजून द्यायला लागलं तरी हा हात पुढे करायचा नाही.

पाण्याचा हिशेब

डॉक्टरांनी ठरवून दिलेला आकडाच पाळायचा. तो बहुतेकदा चोवीस तासांची लघवी अधिक 500 मिली असा असतो. लघवी 300 मिली होत असेल तर दिवसाचे झाले 800. त्यातले दोन वेळच्या चहाचे 200, गोळ्यांबरोबरच्या पाण्याचे 100, आमटीचे 100 आणि घरी रात्रीसाठी 150 बाजूला काढा. उरलेले 250 बाहेरचे. ते छोट्या बाटलीत मोजून भरा आणि दुसरी बाटली विकत घ्यायची नाही असं निघतानाच ठरवा. आइस्क्रीम, सार, कलिंगड, बर्फ हे सगळं पाण्यातच धरायचं.

तहान खरं तर मिठाने लागते. खारं खाऊन पाणी आवरणं कुणालाच जमत नाही, म्हणून लगाम मिठालाच घालायचा. तोंड कोरडं पडलं तर लिंबाची चकती चोखा, वेलदोडा किंवा लवंग चघळा. मधुमेह नसेल तर लिमलेटची गोळीही चालते. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी दहाच्या आत घरी या, नाहीतर पाचनंतरच निघा.

बाहेर काय खायचं

मिसळ सोडून द्या: तर्री म्हणजे पाणी आणि मीठ, फरसाण म्हणजे पुन्हा मीठ, मटकी-बटाटा म्हणजे पोटॅशियम. साबुदाण्याची खिचडी हलकी समजतात, पण तिच्यात दाणे आणि बटाटा दोन्ही असतात. साधा डोसा भाजीशिवाय, इडली चटणीत जराशी टेकवून, बटाटा-दाण्यांशिवाय कांदेपोहे, ब्रून-मस्का हे त्यातल्या त्यात बरं. मस्तानी दोघांत एक घेतली तरी जास्तच होते. काकांनी घ्यावी, काकूंनी दोन चमचे चाखावी. नाटकाच्या मध्यंतरातल्या बटाटेवड्याचं काय? घरी बटाटा चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकता येतं, वड्यातल्या बटाट्याचं तसं काही झालेलं नसतं. महिन्याच्या रिपोर्टात पोटॅशियम आटोक्यात असेल आणि आहारतज्ज्ञांची ना नसेल, तर अर्धा.

शहाळं तब्येतीला चांगलं म्हणून कुणीही आग्रह करतं. एका पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात साधारण 600 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, तेव्हा नको. आणि शाळेबाहेरच्या गाडीवर तिखटमीठ लावून मिळणारं कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, एक फोडसुद्धा नाही. त्यातलं विष मूत्रपिंडं बाहेर टाकू शकली नाहीत की न थांबणारी उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात, माणूस दगावूही शकतो. 'लो सोडियम' मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, तेही टाळा.

फॉस्फरस कमी करणारी गोळी जेवणाबरोबरच घ्यायची. घरी येऊन घेतली तर उपयोग नाही, कारण ती पोटात अन्नाबरोबर असली तरच फॉस्फरस बांधते. म्हणून स्ट्रिप पर्समध्ये हवी. शिवाय शेवटच्या डायलिसिसच्या कागदाची झेरॉक्स, युनिटचा नंबर, दोन निर्जंतुक गॉज, कागदी चिकटपट्टी आणि स्वेटर. हिमोग्लोबिन कमी असलं की नाट्यगृहाच्या एसीत हुडहुडी भरते. मधुमेह असेल तर तीन चमचे साखरेची पुडी ठेवा. साखर उतरल्यावर मोसंबीचा रस द्यायची सवय असते, पण त्यात पोटॅशियम आहे.

कुठे जायचं

आगाखान पॅलेस सोयीचा: बघायचं बरंचसं तळमजल्यावर, पुढे बाग, बसायला सावली. कस्तुरबांची समाधी तिथेच आहे. सारसबागेत हिरवळीभोवती फिरायला सपाट आहे, गणपतीला मात्र पायऱ्या. केळकर संग्रहालय मजल्यांवर पसरलंय, एका खेपेला एकच मजला बघा. मेट्रोने जाताना जिल्हा न्यायालय स्थानकावर मार्ग बदलायचा असेल तर वेळ हाताशी ठेवा: एक मार्ग वर, दुसरा जमिनीखाली सुमारे 33 मीटर. लिफ्टच धरा. बालगंधर्वला नाटक असेल तर फिस्टुलाचा हात वाटेच्या बाजूला येईल अशी कडेची खुर्ची घ्या, म्हणजे शेजारच्याचा कोपर लागत नाही.

सुई काढलेल्या जागेतून रक्त आलं तर गॉज ठेवून दोन बोटांनी नेमकं त्याच बिंदूवर पंधरा मिनिटं दाबा. मध्येच उचलून बघायचं नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. हात वर धरा. हाताभोवती रुमाल करकचून आवळू नका, फिस्टुला बंद पडतो. चिळकांडी उडत असेल तर दाब तसाच ठेवून लगेच 108.

काकांचं फिरणं वेगळं मोजायला हवं. डायलिसिस सुरू झाल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास काकूंचं बीपी स्थिर राहिलं आणि युनिटच्या सिस्टरची हरकत नसली, तर उरलेला वेळ बाकावर बसून काढायचं कारण नाही. फोन चालू ठेवून वाचनालय, मंडई, मित्रांचा कट्टा, जे जवळ असेल ते करावं आणि संपायच्या अर्धा तास आधी परत यावं. स्वतःची बीपीची गोळी मात्र त्या धांदलीत हमखास राहते, ती खिशातच ठेवावी.

घरी परतल्यावर पुन्हा वजन करून वहीत लिहा, सोबत काय खाल्लं-प्यायलं तेही. सोमवारी खुर्चीत बसलं की वही टेक्निशियनला दाखवा. पाणी किती काढायचं ते वजनावरूनच ठरतं, आणि वड्याचा उल्लेख टाळला तर वाढलेल्या पोटॅशियमचं कारण शोधण्यात डॉक्टरांचा वेळ जातो.