शुक्रवारी रात्रीची महालक्ष्मी पुण्यात शनिवारी येते! तिकीट काढताना या चुका टाळा

जागा आहे का, हे सगळे बघतात. गाडी कुठून सुटते, आपल्या स्टेशनात कोणत्या तारखेला येते, कुठे संपते, हे बघणारे थोडे. म्हणून चुकाही दरवर्षी त्याच होतात.

सगळ्यात महाग चूक तारखेची. मुंबईहून कोल्हापूरला येणारी 17411 महालक्ष्मी एक्सप्रेस सीएसएमटीहून रात्री आठनंतर सुटते आणि पुण्यात मध्यरात्र उलटल्यावर, साडेबाराच्या आसपास पोहोचते. पुण्याच्या हिंजवडीत नोकरी करणारी आपली कोल्हापूरची मंडळी शुक्रवारी ऑफिस आटोपून याच गाडीने घरी यायला निघतात आणि डोक्यात 'शुक्रवार रात्र' असल्यामुळे तिकीटही शुक्रवारचेच काढतात. शुक्रवारची तारीख टाकली की पुणे ते कोल्हापूर यादीत महालक्ष्मी दिसतेसुद्धा, जागाही असते, पैसे कटतात, सीट नंबर येतो. कुठेच काही अडत नाही, म्हणून शंकाही येत नाही.

पुढचे नाटक फलाटावर. बॅग घेऊन डब्यात चढावे तर आपल्या बर्थवर कुणीतरी पांघरूण घेऊन झोपलेले. 'काका, हा माझा बर्थ आहे.' 'नाही हो, माझा आहे.' दोघांचे तिकीट खरे, नंबर तोच. टीटीई, म्हणजे तिकीट तपासनीस, येतो, मोबाइलकडे एक नजर टाकतो आणि सांगतो की तुमची गाडी कालच गेली. शुक्रवारचे रात्री साडेबारा म्हणजे गुरुवारी जेवून निघायचे होते. आता तुम्ही विनातिकीट. पूर्ण भाडे आणि त्यावर किमान 250 रुपये दंड, तेही भरलेल्या गाडीत उभे राहून. आधीच्या तिकिटाचे पैसे गेले ते वेगळेच.

यावरचा उपाय अगदी घरगुती आहे. सुटण्याची वेळ 00:00 ते 03:00 मध्ये दिसली की थांबायचे आणि मोठ्याने म्हणायचे, 'घरातून कोणत्या वारी जेवून निघणार?' त्या वाराच्या पुढची तारीख तिकिटावर हवी. वार शुक्रवार, तर तारीख शनिवारची. मनातल्या मनात नको, मोठ्यानेच म्हणा. बाजूला बसलेला माणूस चूक पकडतो.

याच गाडीवर तत्काळवाले, म्हणजे ऐनवेळचे तिकीट काढणारे, दुसऱ्यांदा आपटतात. तत्काळ आदल्या दिवशी उघडते, एसीसाठी सकाळी 10 ला आणि स्लीपरसाठी 11 ला. पण आदला दिवस मोजायचा तो गाडी जिथून निघते त्या स्टेशनच्या तारखेपासून, तुम्ही चढता तिथल्या तारखेपासून नव्हे. पुण्यात शनिवारी पहाटे चढायचे असेल तर ती गाडी मुंबईहून शुक्रवारी सुटलेली असते, म्हणून तत्काळ गुरुवारी सकाळी उघडते. शुक्रवारी सकाळी लॉगिन करून बसणाऱ्याला वेटिंगच मिळते आणि मग शिव्या मात्र एजंटला बसतात. आता तत्काळला आधार जोडलेले खाते आणि ओटीपी लागतो, तेही आदल्या रात्री तपासून ठेवा. दहाला पाच कमी असताना नको. कन्फर्म झालेले तत्काळ रद्द केले तर परतावा शून्य, त्यामुळे इथे तारखेची चूक पूर्ण भाड्याला पडते.

गाडी कुठवर आली हे ॲपवर बघतानाही हाच घोळ होतो. पुण्यात पहाटे चढणाऱ्याने 'काल सुटलेली' गाडी निवडायची. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा धावणाऱ्या गाड्यांचे वारही सुरुवातीच्या स्टेशनचे असतात, तुमच्या स्टेशनचे नव्हेत.

आता नावे. आपल्या कोल्हापूर स्टेशनचे नाव छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. इंग्रजीत आखूड करून लिहिले की दोन्ही 'सी' आणि 'एसएच'ने सुरू होतात आणि घाईत उलटसुलट होतात. नाव वाचूच नका, कोड बघा: कोल्हापूर केओपी, मुंबई सीएसएमटी, मिरज एमआरजे. गाडीचा नंबरही दिशेप्रमाणे बदलतो. 17411 कोल्हापूरकडे येते, 17412 मुंबईकडे जाते.

मुंबई किंवा दिल्ली शोधताना यादीत शेजारची स्टेशनेही मिसळलेली असतात. एलटीटी (कुर्ल्याचे लोकमान्य टिळक टर्मिनस), दादर, पनवेल, निजामुद्दीन, आनंद विहार असे काहीही. पुढे विमान किंवा दुसरी गाडी पकडायची असेल तर हे पैसे भरण्याआधी वाचा, रिक्षात बसल्यावर नव्हे.

मिरज हा वेगळा धडा. कोल्हापूरला रूळ संपतो. गोवा एक्सप्रेससारख्या कितीतरी गाड्या फक्त मिरजेला लागतात. मग मिरजेचे तिकीट काढून लोक कोल्हापूरहून पॅसेंजरने तिथे पोहोचायचा हिशेब मांडतात आणि मध्ये वीस मिनिटे ठेवतात. पॅसेंजरला उशीर झाला म्हणून पुढची गाडी थांबत नाही, पैसेही परत मिळत नाहीत. किमान दोन तास हातात ठेवा. मिरजेच्या फलाटावर चहा पीत बसणे केव्हाही स्वस्त.

उलटा प्रकारही होतो. तिकीट कोल्हापूरहून आणि चढणार मिरजेत, कारण मामाचे घर तिथे. बोर्डिंग पॉइंट, म्हणजे तिकिटावरचे चढण्याचे स्टेशन, वेळेत बदलला नाही तर टीटीई तुम्हाला गैरहजर धरून बर्थ आरएसीवाल्याला, म्हणजे बसायपुरतीच जागा मिळालेल्याला, देऊ शकतो. आणि एकदा बदलला की कोल्हापूरहून चढण्याचा हक्क जातो.

पुण्याकडे जाणाऱ्या गाडीची मिरजेत दिशा उलटते, इंजिन दुसऱ्या टोकाला लागते. कोल्हापुरात पुढे असलेला डबा सांगलीत मागे येतो. सांगली-साताऱ्यात चढणाऱ्या आजी-आजोबांना 'डबा पुढे आहे' असे फोनवर सांगून पळवू नका.

कोल्हापूर-पुणे वंदे भारतमध्ये बर्थ नाही, फक्त खुर्ची. ती आठवड्यातून तीनच दिवस धावते, आणि जाण्याचे व येण्याचे वार वेगळे आहेत. सकाळी जाऊन त्याच दिवशी तिनेच परत येऊ, असा बेत आखू नका.

नंबर शून्याने सुरू झाला की ती विशेष गाडी. भाडे आणि थांबे नेहमीच्या गाडीप्रमाणे धरू नका, वाचा.

आगाऊ आरक्षण आता 120 नव्हे, 60 दिवस आधी उघडते. हा बदल 1 नोव्हेंबर 2024 पासूनचा, तरी जुन्या हिशेबाने चार महिने आधी शोधून 'गाडी बंद झाली' म्हणणारे अजून भेटतात.

रत्नागिरीला कोल्हापूरहून थेट गाडी शोधत असाल तर ॲप बंद करा आणि एसटी स्टँडवर जा. तो रूळ अजून टाकलेला नाही.