नैसर्गिक संकर मार्करने सिद्ध करताना या चुका टाळा

खर्चुडीच्या (कंद असलेल्या, कंदिलासारख्या फुलांच्या रानवेलीच्या) दोन जाती एकाच कड्यावर फुलल्या आहेत आणि त्यांच्यात एखादे झाड दोघींच्या अधल्यामधल्या फुलाचे दिसते. शंका रास्त आहे. पण नुसत्या रूपावरून संकर ठरत नाही, आणि घाईने वापरलेल्या मार्करनेही, म्हणजे जाती ओळखण्याच्या डीएनएतल्या खुणेनेही, ठरत नाही.

सगळ्यात महागात पडते ती पालक जातींची निवड. दोन्हींची पाने त्याच कड्यावरून घेतली, तर शुद्ध समजलेले झाडच जुन्या संकराचे वंशज निघू शकते. दुसरी जात वाढतच नाही अशा ठिकाणचीही झाडे घ्या. शक्य असल्यास प्रत्येक जातीची दहा-पंधरा. परवानगी आधी काढा. बोटाच्या पेराएवढा पानाचा तुकडा पुरतो, कंदाला हात लावू नका. पान दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये लगेच सुकवा. पानात चिकट शर्करा जास्त असल्या की पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची क्रिया) अडते. डीएनए दहापट पातळ करून पाहा.

आरएपीडी किंवा आयएसएसआर हे मार्कर स्वस्त पडतात, पण बँड (जेलवर दिसणारी डीएनएची पट्टी) दिसला तरी ते झाड समयुग्मी (त्या जागी दोन्ही प्रती सारख्या) की विषमयुग्मी (दोन प्रती वेगळ्या) हे त्यावरून कळत नाही. शिवाय पीसीआरच्या परिस्थितीत थोडा फरक पडला तरी बँड बदलतात. एसएसआर (डीएनएतले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे) किंवा एसएनपी (एकाच अक्षराचा फरक) घ्या, आणि तेही दोन्ही जातींत ठाम वेगळे असलेले. एसएसआरचे प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे) एका जातीवरून बनवलेले असतील तर दुसरीत ते कधी कधी बसत नाहीत आणि मग संकर शुद्ध दिसतो.

आयटीएस हा केंद्रकातला, अनेक प्रती असलेला डीएनएचा भाग. त्याचा क्रम वाचताना मिळणाऱ्या आलेखात जिथे पालकांचे बेस (डीएनएची अक्षरे) वेगळे, नेमक्या तिथेच दुहेरी शिखरे आली तर पुरावा चांगला. मात्र दोन जातींचा डीएनए एका नळीत मिसळला तरी हुबेहूब हेच दिसते! म्हणून त्याच झाडाचे दुसरे पान घेऊन डीएनए नव्याने काढा, आणि प्रत्येक पीसीआरमध्ये डीएनएविना एक नळी ठेवा. उलट, दुहेरी शिखरे नाहीत म्हणून संकर नाही असेही म्हणू नका. पुढच्या पिढ्यांत आयटीएसच्या प्रती एकाच पालकासारख्या होत जातात.

किती मार्कर पुरेत? पहिल्या पिढीचा संकर प्रत्येक निर्णायक जागी (जिथे दोन्ही जाती ठाम वेगळ्या आहेत तिथे) विषमयुग्मी असतो. तोच संकर पुन्हा पालकाशी जुळला, म्हणजे बॅकक्रॉस झाला, तर एका जागी विषमयुग्मी असण्याची शक्यता निम्मी उरते. एकमेकांशी न जोडलेले पाच मार्कर तपासले तर बॅकक्रॉस पहिल्या पिढीसारखा दिसण्याची शक्यता 32 मध्ये 1, दहा तपासले तर 1024 मध्ये 1. पाचावर थांबून 'पहिली पिढी' असे लिहू नका.

हरितलवकाचा (पेशीतल्या हिरव्या कणाचा) डीएनए बहुतेक सपुष्प वनस्पतींत आईकडून येतो, त्यामुळे मातृजाती कळते. पण एकट्या त्यावर विसंबू नका: फार पूर्वीच्या संकरातून एका जातीचे हरितलवक दुसरीत कायमचे राहिलेले असू शकते, किंवा दोघींच्या पूर्वजातला जुना फरक अजून दोघींत टिकलेला असू शकतो. झाड याच दोन जातींचा संकर आहे असे केंद्रकातल्या मार्करांनी सांगितले, तरच मातृजातीचे नाव लिहा.