ग्लायडरसाठी बोलका ट्रान्समीटर: एजटीएक्स आणि टेलिमेट्रीची मांडणी कशी करावी

रेडिओवर चालणारा ग्लायडर उडवताना नजर विमानावरून हलवता येत नाही. दोन मीटर पंखविस्ताराचे विमान शंभर मीटर उंचीवर पोहोचले की त्याचा कल ओळखणे हेच डोळ्यांना पुरेसे काम असते, आणि पडद्यावरचा आकडा वाचण्यासाठी मान खाली घातली, तर वर पाहताना ते लगेच सापडेलच असे नाही. त्यामुळे विमानाकडून खाली येणारी माहिती, म्हणजेच टेलिमेट्री, कानांनी ऐकण्याची सोय करावी लागते. आजचे ट्रान्समीटर वाटेल ते बोलून दाखवतात, आणि नवशिक्यांची फसगत तिथेच होते. सतत बोलणाऱ्या यंत्राकडे थोड्याच वेळात कानाडोळा होऊ लागतो. म्हणून ही सगळी मांडणी एकाच नियमाने करावी: जे ऐकल्यावर हाताने काही करायचे आहे, तेवढेच ट्रान्समीटरने बोलावे.

पुढील सूचना एजटीएक्स या मुक्त फर्मवेअरसाठी, म्हणजे ट्रान्समीटर चालवणाऱ्या आतल्या प्रणालीसाठी, आहेत. २०२१ मध्ये ते ओपनटीएक्स या जुन्या फर्मवेअरपासून वेगळे झाले आणि रेडिओमास्टर, जंपर यांच्या अनेक ट्रान्समीटरवर ते चालते. नवीन संच घेणाऱ्यांनी २.४ गिगाहर्ट्झचाच घ्यावा. परदेशी दुकानांत मिळणारा ९१५ मेगाहर्ट्झचा संच पल्ल्याच्या मोहाने मागवू नये, कारण त्या पट्ट्याला भारतात परवान्यातून सूट नाही.

पहिली पायरी: फर्मवेअर

फर्मवेअर बदलण्यापूर्वी ट्रान्समीटरमधले मेमरी कार्ड संगणकाला जोडून त्यातील सर्व फोल्डर जसेच्या तसे उतरवून ठेवावेत. विमानांच्या मांडण्या, आवाजाच्या फाइली आणि उड्डाणांच्या नोंदी यांतले काहीही नंतर आठवणीतून उभे करता येत नाही. त्यानंतर ट्रान्समीटरची बॅटरी पूर्ण चार्ज करावी आणि एजटीएक्स कम्पॅनियन किंवा ब्राउझरमध्ये चालणारे एजटीएक्स बडी वापरून आपल्या मॉडेलचीच फाइल निवडावी. दोन्ही आडवे ट्रिम (स्टिकशेजारची छोटी बटणे) आतल्या बाजूला दाबून ट्रान्समीटर सुरू केल्यास बूटलोडर, म्हणजे फर्मवेअर चढवणारा छोटा प्रोग्राम, उघडतो, आणि कार्डावर ठेवलेली फाइल तिथूनही चढवता येते. कार्डावरील फाइली फर्मवेअरच्या त्याच आवृत्तीच्या असाव्यात. तसे नसल्यास ट्रान्समीटर सुरू होताना इशारा देतो, आणि तो दुर्लक्षून पुढे जाऊ नये. शेवटी स्टिक आणि स्विच यांचे कॅलिब्रेशन करावे, आणि मोटर असलेल्या ग्लायडरचा पंखा काढून ठेवून प्रत्येक सर्व्होची (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या यंत्राची) दिशा तपासावी. उड्डाणाच्या आदल्या रात्री फर्मवेअर बदलण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ही तपासणी सावकाशच व्हायला हवी.

दुसरी पायरी: सेन्सर शोधणे आणि निवडणे

विमानातला रिसीव्हर बाइंड झाल्यावर, म्हणजे ट्रान्समीटरशी जोडला गेल्यावर, मॉडेलच्या टेलिमेट्री पानावर सेन्सर शोधण्याची आज्ञा द्यावी, यादी भरली की शोध थांबवावा, आणि उपयोगाचे नसलेले सेन्सर काढून टाकावेत. ग्लायडरसाठी चार गोष्टी पुरतात: संपर्काचा दर्जा, बॅटरीचा व्होल्टेज, उंची आणि उभा वेग. ही यादी प्रत्येक मॉडेलसाठी स्वतंत्र असते, त्यामुळे दुसऱ्या विमानासाठी शोध नव्याने घ्यावा लागतो.

व्होल्टेजच्या बाबतीत थोडे थांबून विचार करणे आवश्यक आहे. रिसीव्हर स्वतःचा जो व्होल्टेज कळवतो, तो त्याला मिळणाऱ्या विजेचा असतो. एका सेलवर थेट चालणाऱ्या हातफेकीच्या ग्लायडरमध्ये तो बॅटरीचाच आकडा असतो आणि त्यावर विसंबता येते. परंतु दोन किंवा तीन सेलची बॅटरी आणि मध्ये बीईसी (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारे सर्किट) अशी रचना असेल, तर रिसीव्हरला बीईसीचे स्थिर पाच व्होल्ट मिळत राहतात. बॅटरी भरलेली असो वा संपत आलेली, पडद्यावर पाचच दिसते. अशा विमानात बॅटरीपासून रिसीव्हरच्या व्होल्टेज मापकाकडे वेगळी तार न्यावी किंवा स्वतंत्र सेन्सर लावावा, आणि मल्टिमीटरने मोजलेल्या आकड्याशी पडद्यावरचा आकडा ताडून पाहावा.

संपर्काच्या दर्जाचे मोजमाप सर्व यंत्रणांत सारखे नसते. फ्रस्काय या कंपनीच्या जुन्या पद्धतीत आरएसएसआयचे, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या आकड्याचे, इशारे मुळातच ४५ आणि ४२ वर ठेवलेले असतात आणि ते तसेच राहू द्यावेत. एक्सप्रेसएलआरएस या मुक्त रेडिओ यंत्रणेत आरएसएसआय ऋण आकड्यांत येतो, म्हणून तिथे पोहोचलेल्या संदेशांची टक्केवारी दाखवणारा आरक्यूएलवाय हा सेन्सर धरावा. पहिला इशारा ७० वर आणि दुसरा ५० वर ठेवणे मला योग्य वाटते. ग्लायडरला संदेश ५०० हर्ट्झच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ५०० वेळा, पाठवण्याची गरज नसते. ५० किंवा १५० हर्ट्झवर पल्ला जास्त मिळतो. मात्र टेलिमेट्रीचे प्रमाण फार कमी ठेवू नये, कारण व्हॅरिओची, म्हणजे उभा वेग आवाजाने सांगणाऱ्या सोयीची, माहिती उशिरा आली तर विमान उष्ण हवेच्या बाहेर पडल्यावर आवाज चढतो.

तिसरी पायरी: व्हॅरिओ

व्हॅरिओचा सेन्सर हवेच्या दाबातील बदल मोजतो. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ मीटर चढल्यावर दाब एक हेक्टोपास्कलने कमी होतो, यावरून एका मीटरचा फरक ओळखण्यासाठी हे उपकरण किती नाजूक असावे लागते याची कल्पना येते. त्यावर थेट वारा किंवा थेट ऊन पडल्यास आकडे भरकटतात. गोव्याच्या उन्हात गडद रंगाच्या झाकणाखालची जागा लवकर तापते, म्हणून सेन्सरवर मऊ फोमचा तुकडा सैलसर ठेवावा आणि झाकण शक्यतो पांढरे असावे.

टेलिमेट्री पानावर व्हॅरिओचा स्रोत म्हणून उभ्या वेगाचा सेन्सर निवडावा आणि नंतर मधल्या शांत पट्ट्याच्या मर्यादा ठरवाव्यात. त्यासाठी सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, ग्लायडर सरळ उडवून त्याचा उतरण्याचा वेग पाहावा. दोन मीटरच्या विमानात तो सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. शांत पट्टा या वेगाच्या थोडा खालून सुरू करून शून्याच्या किंचित वर संपवावा. अशा मांडणीत शांतता म्हणजे स्थिर किंवा अगदी हलकी वर जाणारी हवा, तुटक टिकटिक म्हणजे चढती हवा आणि सलग खालचा सूर म्हणजे बुडती हवा, हे ऐकताक्षणी कळते. स्पेशल फंक्शन्स या पानावर व्हॅरिओ एका स्विचवर बांधावा. ते केल्याशिवाय आवाज येत नाही, आणि उतरताना तो बंद करता येणेही गरजेचे असते.

एक सावधगिरी मात्र सवयीचीच व्हावी लागते. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग) खेचला की विमान वेग गमावून वर चढते आणि व्हॅरिओ आनंदाने टिकटिकतो, पण हवा वर जात नसते. आवाज आला तर दोन सेकंद स्टिक स्थिर ठेवावी, विमानाचा वेग बदललेला नाही हे पाहावे, आणि मगच वळण घ्यावे. डिचोली, सत्तरी किंवा पेडण्याकडच्या सड्यांवर उघडा जांभा तापून थर्मल, म्हणजे चढत्या उष्ण हवेचे झोत, निघतात, आणि पुष्कळदा घारी ते आधी हेरतात. घार पंख न हलवता घिरट्या घालत असेल आणि त्याच बाजूला व्हॅरिओही चढत असेल, तर शंकेला जागा उरत नाही. दुपारी समुद्रावरून येणारा वारा वाढला की हे थर्मल तुटक होतात आणि वाऱ्याबरोबर पूर्वेकडे वाहू लागतात, त्यामुळे घिरट्या घालताना परतीसाठी लागणारी उंची आधीच राखून ठेवावी.

चौथी पायरी: उंची आणि कायद्याची मर्यादा

ड्रोन नियम, २०२१ नुसार हरित क्षेत्रातील मर्यादा १२० मीटर, म्हणजे ४०० फूट आहे, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती ६० मीटरवर येते. गोव्यासारख्या लहान राज्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, त्यांपैकी दाबोळी नौदलाचा तळ आहे. तेव्हा ओळखीची जागा असली तरी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तिचे क्षेत्र पाहूनच जावे. हरमलच्या टेकडीसारख्या जागी पॅराग्लायडर असतील, तर तिथे मॉडेल उडवूच नये.

ही मर्यादा ट्रान्समीटरला सांगून ठेवावी. लॉजिकल स्विचमध्ये, म्हणजे अट पूर्ण होताच आपोआप चालू होणाऱ्या स्विचमध्ये, उंची १०० मीटरपेक्षा जास्त अशी अट घालावी आणि त्यावर आवाजाची फाइल वाजवावी. ६० मीटरच्या पट्ट्यात हाच आकडा ५० करावा. दर दहा सेकंदांनी उंची सांगण्याची सोय मी सुचवणार नाही. त्याऐवजी एका स्विचवर उंची बोलण्याचे काम द्यावे, म्हणजे हवी तेव्हाच ती ऐकता येते.

उंची शून्यापासून मोजली जाते आणि हे शून्य प्रत्येक फेकीपूर्वी टेलिमेट्री रीसेट करून नव्याने घ्यावे. आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि चारपर्यंत दोन-तीन हेक्टोपास्कलने उतरतो. सकाळी घेतलेले शून्य न बदलता विमान चालू ठेवले, तर संध्याकाळी ते जमिनीवर असतानाही वीसेक मीटर उंची दाखवेल. काब द राम येथील कड्यासारख्या ठिकाणी शून्य कड्याच्या माथ्याला असते, त्यामुळे विमान माथ्याखाली गेले की आकडा ऋण होतो. त्यासाठी उंची पाच मीटरपेक्षा कमी झाल्यावर वाजणारा, आणि उतरण्याआधी स्विचने बंद करता येणारा, वेगळा इशारा ठेवणे शहाणपणाचे आहे.

पाचवी पायरी: इशाऱ्यांचा आवाज

बॅटरीसाठी लॉजिकल स्विचमध्ये ‘व्होल्टेज या आकड्यापेक्षा कमी’ अशी अट घालावी. दोन सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीला ७.२ व्होल्ट ठीक असतात. सर्व्हो एकदम हलले की व्होल्टेज क्षणभर खाली जातो, म्हणून दोन सेकंदांचा विलंब ठेवावा. इशाऱ्याचे शब्द आपल्या भाषेत असावेत असे मी आग्रहाने सांगेन. फोनवर ‘बॅटरी कमी, उतरा’, ‘उंची झाली’, ‘कड्याखाली’ अशी छोटी वाक्ये ध्वनिमुद्रित करून ती सोळा बिटच्या मोनो वेव्ह फाइलींत बदलावीत, सहा इंग्रजी अक्षरांच्या आतले नाव द्यावे आणि कार्डावरील साउंड्स फोल्डरमध्ये, निवडलेल्या भाषेच्या उपफोल्डरात ठेवावीत. घरातल्या माणसाचा आवाज यंत्राच्या आवाजांच्या गर्दीत वेगळा उठून दिसतो, आणि वाक्य आज्ञार्थी असल्याने काय करायचे ते वेगळे आठवावे लागत नाही.

‘टेलिमेट्री लॉस्ट’ ऐकून घाबरू नये. रिसीव्हरकडून येणारा संदेश ट्रान्समीटरच्या संदेशापेक्षा बहुधा दुबळा असतो, त्यामुळे तो आधी तुटतो आणि ताबा त्या वेळी सहसा शाबूत असतो. विमान लगेच आपल्याकडे वळवावे.

सहावी पायरी: फ्लाइट मोड

तीन टप्प्यांच्या एका स्विचवर वेग, सामान्य आणि थर्मल असे मोड पुरेसे आहेत. पंखाचा बाक ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवल्यास प्रत्येक मोडसाठी वेगळा आकडा देता येतो, आणि मोड बदलताना एक सेकंदाचा फेड दिल्यास विमान झटका खात नाही. उतरण्यासाठी एलरॉन (पंखाच्या टोकाकडचे हलते भाग) वर आणि फ्लॅप (मुळाकडचे हलते भाग) खाली करणारे क्रोचे मिश्रण थ्रॉटलच्या स्टिकवर घ्यावे आणि त्याच्या जोडीला एलिव्हेटरची भरपाई वक्राने द्यावी.

सातवी पायरी: फेलसेफ, पल्ला आणि नोंदी

संपर्क तुटल्यास मोटर बंद, थोडा क्रो आणि हलके वळण, अशी स्थिती फेलसेफमध्ये ठेवावी, म्हणजे विमान वाऱ्याबरोबर दूर न जाता जवळच उतरते. पीडब्ल्यूएम आउटपुट (थेट सर्व्हो जोडण्याची सोय) असलेल्या एक्सप्रेसएलआरएस रिसीव्हरमध्ये ही मांडणी रिसीव्हरच्या वेब पानावर चॅनेलनिहाय करावी लागते. मांडणी झाल्यावर पंखा काढून, विमान हातात धरून ट्रान्समीटर बंद करावा आणि प्रत्येक पृष्ठभाग डोळ्यांनी पाहावा. त्यानंतर रेंज चेकचा मोड सुरू करून, किंवा तो नसल्यास शक्ती कमीत कमी करून, जोडीदाराला विमान सगळ्या बाजूंनी फिरवायला सांगावे आणि आपण दूर जाताना दर्जाचा आकडा ऐकावा. कार्बनच्या सांगाड्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी नीट बाहेर पडत नाहीत, तेव्हा अँटेना बाहेर काढलेल्याच असाव्यात. किनाऱ्यावर वारंवार उडवणाऱ्यांनी खाऱ्या हवेने काळवंडलेले कनेक्टरही याच वेळी बदलून टाकावेत.

उड्डाणाची नोंद ठेवण्यासाठी स्पेशल फंक्शन्समध्ये एसडी लॉग्ज एक सेकंदाच्या अंतराने चालू करावे. घरी आल्यावर लॉग्ज फोल्डरमधली सीएसव्ही फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून दर्जाचा आकडा उंचीच्या शेजारी ठेवून पाहावा. उंची वा अंतर फारसे नसतानाही तो पुन्हा पुन्हा घसरत असेल, तर वळणात शरीराआड जाणारी अँटेना हे पहिले संशयास्पद कारण धरावे, तिची दिशा बदलावी आणि विमान पुन्हा हवेत सोडण्याआधी पल्ल्याची तपासणी नव्याने करावी.